पाऱ्याची नळी आणि मनुष्याचें मन

शास्त्र शिकल्यानें मुलांची श्रद्धा उडेल, अशी भीति कांहीं पालकांस वाटते. आणि शास्त्र शिकलों, आतां प्रार्थना कशाला, असा अभिमान कांहीं विद्यार्थ्यांस वाटतो. आमच्या मतें ह्या दोहोंचें मूळ एकच आहे: शास्त्राचें क्षेत्र कोठवर, हें दोघांनींही ओळखलेलें नसतें.

ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचें उदाहरण पहा. त्याचा जन्म १६२३ सालचा. निसर्गास पोकळी सहन होत नाहीं, असें त्या काळचे पुष्कळ पंडित सांगत. पास्कलनें नुसता वाद न घालतां प्रयोग योजिला. १६४८ सालीं त्याच्या बहिणीच्या यजमानांनीं पाऱ्याची नळी प्वी-द-दोम पर्वताच्या शिखरावर नेली. दुसरी नळी पायथ्याच्या गांवीं मठाच्या बागेंत एका धर्मगुरूच्या देखरेखीखालीं ठेविली. खालचा पारा दिवसभर स्थिर राहिला. वरचा सुमारें तीन इंच उतरला. हवेला वजन आहे व उंचीवर तिचा दाब कमी होतो, हें दिसून आलें. दाबाचें एक परिमाण आजही त्याच्याच नांवानें ओळखिलें जातें.

हाच पास्कल १६५४ सालीं नोव्हेंबरांतील एका रात्रीं ईश्वराच्या सान्निध्याच्या अनुभवानें हेलावून गेला. तो अनुभव त्यानें कागदावर लिहून अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविला; १६६२ सालीं त्याच्या मृत्यूनंतरच तो कागद सांपडला. मनुष्य थोरही आहे व दीनही आहे, असें त्याचें मत होतें. केवळ थोरपण जाणणारा गर्विष्ठ होतो, केवळ दैन्य जाणणारा निराश होतो. ख्रिस्ताच्या ठायीं मात्र दोहोंचें ज्ञान एकत्र मिळतें, असें तो मानी.

आम्हांसही हें पटतें. नळीनें हवेचा दाब मोजतां येतो. परंतु परीक्षेंत शेजाऱ्याचें पाहून लिहिण्याचा मोह आवरावा कां, हें नळी सांगत नाहीं. अणूंतील शक्ति मनुष्यानें शोधून काढिली, आणि १९४५ सालीं तीच हिरोशिमा शहरावर सोडिली. त्यांत दोष शास्त्राचा नव्हे. हातांतील शक्ति वाढली, मन मात्र तसेंच राहिलें.

म्हणून पालकांनीं मुलांस प्रयोगशाळेंत निःशंकपणें पाठवावें. विद्यार्थ्यांनींही तेथें प्रत्येक गोष्ट कसून पारखावी; आणि रात्रीं निजण्यापूर्वीं तीच कसोटी आपल्या अंतःकरणास लावून पहावी.