विश्लेषण : कमाई दुबईत, घर नारपोलीत, वारस कोण?

भिवंडीच्या नारपोलीतून दुबईला नोकरीसाठी गेलेल्या माणसाची मिळकत दोन देशांत विभागलेली असते. इथे घर किंवा यंत्रमागाचा गाळा, तिथे बँक खाते आणि नोकरीअखेरची देणी. मृत्युपत्राचा विषय घरात अशुभ मानतात. तो टाळल्याची किंमत मात्र मागे राहिलेल्या बायकोमुलांना मोजावी लागते.

कायदा कोणत्या देशाचा?

स्थावर मिळकत ज्या देशात, तिथला कायदा तिला लागू होतो. नारपोलीतील घराचा वारसा भारतीय कायद्यानेच ठरतो. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर १९५६च्या कायद्यानुसार त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. ते असताना भावाला काही नाही. मुस्लिम कुटुंबात शरियतप्रमाणे वाटे पडतात. तिथे मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक द्यायचे, तर वारसांची संमती लागते.

संयुक्त अरब अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३पासून मुस्लिमेतरांसाठी स्वतंत्र कायदा आहे. मृत्युपत्र नसल्यास निम्मी संपत्ती पती किंवा पत्नीला, उरलेली मुलामुलींना समान मिळते.

नॉमिनी म्हणजे मालक?

नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच स्पष्ट केले. नॉमिनी पैसे स्वीकारतो; हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा.

भावाला दिलेले मुखत्यारपत्र पुरेल?

देणारा जिवंत असेपर्यंतच. त्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. त्यानंतर त्या कागदावर घर विकायला जाणे म्हणजे कोर्टकज्जाला आमंत्रण.

मग काय करावे?

दोन देशांत मिळकत असेल, तर दोन मृत्युपत्रे सोयीची. मात्र ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे नेहमीचे वाक्य दुसऱ्यात सरसकट घातले, तर पहिलेही बाद होऊ शकते. भारतात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ते लाभार्थी नसलेले बरे.

परदेशी जाणारा माणूस व्हिसा, वैद्यकीय तपासणी, नोकरीचा करार यांसाठी महिनोन्‌महिने धावतो. त्याच फायलीत मृत्युपत्राची दोन पाने असायला हवीत. पैसा कोणासाठी कमावला, हे कुटुंबाला सांगून ठेवण्यात अशुभ काही नाही.