हार घालण्याआधी निवेदन द्या
पारनेर तालुक्यातील हंगा गावचे नीलेश लंके 2019 मध्ये आमदार झाले. कोरोनाकाळात भाळवणीच्या कोविड सेंटरमुळे त्यांचं नाव राज्यभर पोहोचलं. 2024 मध्ये सुजय विखे पाटील यांना सुमारे 29 हजार मतांनी हरवून ते खासदार झाले. प्रचारात इंग्रजीवरून डिवचलं गेलं, तर लोकसभेत त्यांनी शपथच इंग्रजीत घेतली!

पण टाळ्या वाजवून आपलं काम संपत नाही. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती 2022 मध्ये बंद झाली. गरीब घरांना त्याची झळ बसते, हे आम्ही शाळेत पाहतो. हा निर्णय दिल्लीचा, म्हणून प्रश्नही संसदेतच विचारला जायला हवा. खासदार मोहल्ल्यात आले की हार घालण्याआधी तेवढं निवेदन त्यांच्या हातात द्या.