स्क्रीन फिरली, बोट चुकलं
स्क्रीन मागे दुमडली की पाटी होणाऱ्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर परवा लिनक्स चढवलं. २० मिनिटांत वायफाय, आवाज, सगळं सुरळीत, म्हटलं, जिंकलो! मग पाटी उभी धरली. चित्र शहाण्यासारखं फिरलं, पण स्पर्श जागचा हलेना: बोट वरच्या कोपऱ्यात, बाण भलतीकडेच. चित्र फिरवणारी कमांड ‘एक्सरँडर’, स्पर्श फिरवणारी ‘एक्सइनपुट’. दुसरीला ९ आकड्यांचं कोष्टक भरवावं लागतं. एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावाच त्या! रात्री दीडला समेट घडला. बायको म्हणाली, ‘‘एवढ्या वेळात वही-पेन्सिल नसती का आली?’’ आली असती. पण जे यंत्र आपल्याला आतून उघडून सुधारता येत नाही, ते आपलं नसतंच. पैसे मोजूनही आपण त्यात भाडेकरूच.