घरापर्यंतची वाट

मळ्यात घर बांधणारा गृहस्थ दाराच्या चौकटीचा जेवढा विचार करतो, तेवढा दारापर्यंतच्या वाटेचा सहसा करीत नाही. वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात, आणि मृगाचा पाऊस कोसळला म्हणजे उणीव ध्यानात येते.

वऱ्हाडातील आमच्या एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींना श्रावणातल्या एका रात्री बाजेवर घालून चौघांनी हमरस्त्यापर्यंत नेले. रुग्णवाहिकेचे दिवे समोर दिसत होते. मधली दोनशे पावले मात्र गुडघाभर चिखलाची होती. मातोश्री सुखरूप परतल्या. दिवाळी होताच स्नेह्यांनी रस्ता हाती घेतला.

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला, तर दोन पावसाळ्यांत तो तिच्या पोटात जातो. म्हणून वरची भुसभुशीत माती काढावी, तळ दाबून घ्यावा आणि वाळूचा किंवा मुरमाचा थर पसरावा. त्यावर दगड हातांनी उभे रचून फटींत चिपा ठोकाव्यात. नंतर मुरूम घालावा. सहा इंचांहून जाड थर एकदम टाकू नये. प्रत्येक थर ओलसर करून त्यावर रूळ फिरवावा. पाणी इतकेच असावे, की मुठीत दाबलेल्या मुरमाचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये.

रस्त्याचा खरा वैरी पाणी. दहा फूट रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा सुमारे तीन इंच उंच ठेवावा आणि दोन्ही बाजूंस चर खणावेत. ओघळ आडवा येत असेल, तेथे मोरी घालावी. गेल्या पावसाळ्यात पाणी कोठून आले व कोठे गेले, हे आधी आठवावे.

येथेच आमच्या स्नेह्यांची चूक झाली. त्यांनी चराचे तोंड शेजाऱ्याच्या कपाशीत सोडले. शेजारी भांडला नाही, बांधावर येऊन एवढेच म्हणाला, "दादा, त्या रात्री बाजेचा एक खूर माझ्या खांद्यावर होता." दुसऱ्याच दिवशी चर वळवून नाल्याला नेला गेला.

रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर तोंडी शब्दावर विसंबू नये. आधी मोजणी करावी आणि मग नोंदणीकृत दस्त करावा. आज दिलेला शब्द उद्या जमीन घेणाऱ्यास बांधून ठेवीलच असे नाही. महाराष्ट्रात शेताला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये हद्दीवरून वाट मिळण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. इतर राज्यांतील वाचकांनी आपापला महसूल कायदा पाहावा. भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर अधिकार सांगता येतो. मात्र हा शेवटचा उपाय समजावा.

वाट मुरमाने बांधली जाते, पण ती टिकते शेजाराच्या सलोख्यावर. आपले पाणी आपण सांभाळले, तर आपल्या अडचणीच्या रात्री कोणाचा तरी खांदा पुढे येतो.