कुलूप कुणासाठी?

परवा माळा आवरताना आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी सापडली आणि २००६ सालचा राग पुन्हा उफाळून आला. धाकट्या बहिणीला न्यू जर्सीहून येता आलं नव्हतं, म्हणून व्हिडिओवाल्याकडून कॉपी करून तिला पाठवली होती. एका रात्री तिचा फोन. "ताई, आईचा आवाज येतोय गं, पण चित्र नुसतं वर वर सरकतंय. रंगही नाही." रडत होती.

व्हिडिओवाल्याने हात झटकले. "मॅडम, रीजनचा प्रॉब्लेम आहे." साफ चूक! (जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, लाल पेनासाठी हात शिवशिवतातच.) घरगुती डिस्कवर रीजनचं बंधन नसतं. घोळ वेगळाच होता. आपल्याकडे टीव्हीची पद्धत 'पाल', सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत 'एनटीएससी', सेकंदाला जवळजवळ ३०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यांची ६० ची, तिथून हा फरक आला. आपल्याकडचे प्लेअर बहुधा दोन्ही चालवत, तिकडचे बरेचसे फक्त त्यांचंच. कॉम्प्युटरला या भेदाचं सोयरसुतक नाही. भाच्याने डिस्क त्यात घातली आणि आई नीट दिसली.

हा फरक मी माफ करते. जशी वीज तशी यंत्रं, त्यात कुणाचा डाव नव्हता. रीजन कोडला मात्र माफी नाही, कारण तो मुद्दाम घातलेला. चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे पाडले. अमेरिका-कॅनडा १, पश्चिम युरोप आणि जपान २, आपण रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेबरोबर ५. का, तर चित्रपट तिकडे आधी विकायचा, इकडे नंतर, आणि भावही वेगळा. बहिणीने पुढच्या दिवाळीला पदरचे डॉलर मोजून आणलेली इंग्रजी चित्रपटाची अस्सल डिस्क आमच्या प्लेअरने बाहेर फेकली. फुटपाथवरची चोरीची डिस्क मात्र बिनबोभाट चालायची! कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येई, तोही फक्त पाच वेळा. आपल्याच पैशाची वस्तू बघायला मोजून परवानग्या!

चोरीला आळा घालायला हे हवंच, असं आमचे एक स्नेही अजून म्हणतात. अहो, कॉपी रोखायचं कुलूप निराळं होतं, आणि ते १९९९ मध्येच फुटलं. त्याबद्दल नॉर्वेतल्या यून योहानसेन या तरुणावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. विकत घेतलेली डिस्क बघणं हा गुन्हा नव्हे, असंच तिथल्या कोर्टाला वाटलं. रीजन कोडने चोराचं काही अडलं नाही. अडलो आम्ही, पावती जपून ठेवणारे.

असो. घरी लिहिलेल्या डिस्का काळाने खराब होतात, म्हणून नातवाकडून आईची डिस्क पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि बहिणीलाही पाठवली. पहिल्या फटक्यात लागली. तिने विचारलंय, ओवाळताना आईच्या मागे पिवळ्या साडीत कोण उभं आहे? मला आठवत नाही. सातारकर मंडळींपैकी कुणी ओळखलं तर कळवा.