भूतदया आणि नोंदवही

भूतदया हा शब्द मराठीत वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यात हाताने करायचे काही काम असते याचा आपल्याला विसर पडला आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ. आपल्या कथांतली दया एका प्राण्याला एका क्षणी भेटते. प्राण्यांच्या निवारागृहात शस्त्रक्रियेच्या टेबलाशी रोज उभ्या राहणाऱ्या मदतनिसाची दया या साच्यात बसत नाही. म्हणूनच की काय, त्याला आपल्याकडे धड नावही नाही. डॉक्टरसाठी 'पशुवैद्य' हा भारदस्त शब्द आहे. याला कुणी कंपाउंडर म्हणते, कुणी नुसताच 'कुत्रेवाला'.

भटक्या कुत्रीचे निर्बीजीकरण करायचे (नसबंदी म्हटले की आणीबाणी आठवते, त्यापेक्षा हा जड शब्द बरा), तर तिला आधी उपाशी ठेवणे, भुलीची मात्रा ठरवण्यासाठी वजन करणे, पोटावरचे केस काढून त्वचा निर्जंतुक करणे ही कामे मदतनिसाची. केटामाइनच्या भुलीत डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायचे. जीभ बाहेर ओढून ठेवायची, हिरड्यांचा रंग पाहत राहायचे, श्वास मोजायचे. पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजायचे. एक जरी कमी भरला तरी थांबायचे. भुलीत अंग गार पडते, म्हणून शुद्धीवर येईपर्यंत गुंडाळून ठेवायचे. यात 'बिच्चारी' म्हणायला सवड नसते. माझ्या मते हीच खरी भूतदया.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ भागात सोडावीत, असे सांगितले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. एका बाजूला चावे घेतलेल्या मुलांची वेदना, दुसऱ्या बाजूला प्राणिप्रेम, दोन्ही खरी. पण निर्बीजीकरण हाच मार्ग ठरला, की सारा भार त्या टेबलावर येतो. टाका उसवला, जखम चिघळली, तर एका पक्षाला योजना फसल्याचा पुरावा मिळतो आणि दुसऱ्याला क्रौर्याचा. तो टाका जपणारा माणूस किती पगारावर राबतो, त्याला रेबीजची लस आधी टोचली आहे की नाही, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे ठाऊक असूनही!

आपण साहित्याची माणसे करुणरसावर तासच्या तास शिकवतो. त्यातल्या एखाद्या तासाला अशा निवारागृहाची नोंदवही वाचायला द्यावी असे मला वाटते : मादी, काळी-पांढरी, वजन, भूल दिल्याची वेळ, टाके पाहिल्याच्या तारखा, कानावर खूण केली, जिथून आणली त्याच गल्लीत सोडली. विशेषण असे फक्त रंगापुरतेच.