उपाशी पोरांना ‘लक्ष नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत एक वक्ते आले होते. आपल्यातलेच, चांगल्या नोकरीतले. समोर दहावी-बारावीची पोरं बसलेली. साहेब म्हणाले, बाबासाहेबांनी लंडनमध्ये पापडावर रात्री काढल्या आणि एवढ्या पदव्या मिळवल्या. तुम्हाला सरकार सगळं देतंय, तरी तुमचं लक्ष अभ्यासात नाही, मोबाइलवरच्या खाण्याच्या रील्समध्ये आहे. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, हे कबूल करतो.

पण वाक्य डोक्यातून जाईना. कारण संध्याकाळच्या अभ्यासिकेत आम्ही तेच रोज पाहतो. शाळेतली खिचडी दुपारी कधीतरी पोटात गेलेली, आई धुण्याभांड्याच्या कामावरून आठला येणार, आणि मधल्या वेळात पोरगं विज्ञानाच्या पुस्तकातलं आहाराचं पान उघडून बसलेलं. धडा तिसराच चालू असतो. आम्हीसुद्धा ओरडलोय, ‘अरे, लक्ष कुठंय तुझं?’

लक्ष कुठं असतं, याचं उत्तर विज्ञानाने दिलेलं आहे. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही माणसांना आधी उपाशीपोटी आणि मग जेवल्यावर चित्रं दाखवली. काही खाण्याच्या पदार्थांची, काही अवजारांची. त्या वेळी मेंदूत काय चालतं ते यंत्रावर पाहिलं. उपाशी असताना खाण्याच्या चित्रांना अमिग्डाला हा मेंदूचा भाग जास्त प्रतिसाद देत होता. ही गाठ आपल्यासाठी महत्त्वाचं काय ते हेरते. अवजारांच्या चित्रांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. म्हणजे भूक सगळ्याच गोष्टींकडे लक्ष वाढवत नाही, ती निवडून अन्नाकडेच खेचते. पुढे २००८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आणखी एक गोष्ट दिसली. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. तेच संप्रेरक माणसांना शिरेतून दिलं, तर अन्नाच्या चित्रांना मेंदूचा प्रतिसाद वाढला. म्हणजे पोट रक्तातून मेंदूला निरोप धाडतं. त्यात पोराचा आळस कुठे आला? संस्कार कुठे आले?

हे प्रयोग काही तासांच्या उपासाचे होते, प्रयोग संपला की माणसं घरी जाऊन जेवली. महिनोन् महिन्यांच्या भुकेचं काय होतं, ते मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४५ साली पाहिलं. युद्धात शस्त्र उचलायला नकार देणारे ३६ धडधाकट तरुण या प्रयोगासाठी स्वतःहून पुढे आले होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटलं. बोलण्यात अन्न, स्वप्नात अन्न. कधी स्वयंपाकघरात न गेलेले तरुण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसले. त्या काळी रील्स नव्हत्या, एवढंच.

आता नीट वाचा. हे तरुण सांगत होते की आमचं कशात चित्त लागत नाही. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तर गुण घसरलेले दिसले नाहीत. बुद्धी जागेवर होती, भुकेने पळवलं होतं ते लक्ष. आणि आपल्या देशात परीक्षेचा कागद नेमका हा फरक पुसून टाकतो. पोटभर जेवलेल्याचं लक्ष आणि उपाशी पोराचं लक्ष एकाच घड्याळावर मोजतो, आणि निकालाला ‘गुणवत्ता’ म्हणतो. मग आरक्षणावर बोट दाखवणारा विचारतो, सवलती देऊनही तुम्ही मागे का? त्याने विचारावं, त्याचा तो धंदाच आहे. आपल्या स्टेजवरून तोच प्रश्न येतो, ते जास्त लागतं.

शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं, तेही कुणाची कृपा म्हणून सुरू झालेलं नाही. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी तसा आदेश द्यावा लागला. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं ताटात आलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला. आठवड्याला एक अंडं! तेवढंही डोळ्यांत खुपलं. त्या वेळी आपल्यातले किती जण रस्त्यावर उतरले? आम्ही एक निवेदन दिलं आणि गप्प बसलो.

राहिला पापडाचा मुद्दा. बाबासाहेब उपाशी राहिले हे खरं. पण परत आल्यावर त्यांनी काय केलं? पोरांनो, तुम्हीही उपाशी राहून शिका, असं सांगत फिरले का? २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. पोरांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय झाली नाही, तर शाळेचं दार उघडून उपयोग नाही, हे भूक सोसलेल्या त्या माणसाला कळलं होतं. आपण त्यांचा पापड तेवढा लक्षात ठेवला आणि वसतिगृह विसरलो.

दोन महिने झाले, अभ्यासिकेत पुस्तक उघडण्याआधी मूठभर भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा देतो. पोरं हुशार झाली असा दावा नाही, ती आधीपासूनच होती. आहाराचं पान मात्र आता कमी वेळा उघडतं. पैसे आमच्या चौघांच्या खिशातून जातात आणि ते पुरत नाहीत. पुढच्या जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती महिने चणे येतात, तो हिशोब वहीत लिहून ठेवलाय. त्या साहेबांनाही बैठकीचं निमंत्रण दिलं आहे.